राक्षस, शिरा आणि गच्चीचा स्लॅब

माझा पोटाचा धंदा तोडफोडीचा होता आणि छंदही तोडफोडीचाच. सोमवार ते शनिवार मी नव्या मुंबईत, पावण्याच्या कारखान्यांमधल्या एका छोट्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालून फोडायचो आणि रविवारी पडद्यावर अवाढव्य राक्षस अख्खी शहरं पाडताना बघायचो. लग्नानंतर हे कळलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमच्या पत्रिकेत मंगळ नव्हता हे सगळ्यांनी सांगितलं. बुलडोझर होता हे कुणी बोललं नाही."

छंद या नोकरीच्या आधीचा. सत्तरच्या दशकात मी खाडीपलीकडे मुंबईत चौघांबरोबर एका खोलीत राहायचो. रविवारी सकाळच्या खेळाला कधी कधी जपानी सिनेमे लागत, इंग्रजीत डब केलेले. माणसाचं तोंड मिटलं की मग वाक्य ऐकू यायचं. कुणाला काही कळत नसे आणि कुणाचं अडतही नसे. समुद्रातून काहीतरी प्रचंड वर यायचं, लोक धावत सुटायचे, आणि मग पाऊण तास मनसोक्त पाडापाडी. खोलीचं भाडं, मेसचं पातळ वरण, साहेबाची बोलणी, सगळं त्या पायाखाली चिरडलं जायचं. मी बाहेर यायचो तो तीर्थयात्रेहून आल्यासारखा शांत होऊन.

हळूहळू मी त्यातला दर्दी झालो. अजूनही कुणी विचारलं की असले सिनेमे कसे निवडावेत, तर मी सांगतो, राक्षस बघू नका, इमारत बघा. राक्षस काय, रबराच्या झग्यात घामाघूम झालेला कुणीतरी पगारी माणूस असतो, पाठीवरची चेन दिसते. इमारत मात्र खोटं बोलू शकत नाही. वाईट सिनेमात ती बिस्किटाच्या खोक्यासारखी पडते, आत मजलेच नसतात. चांगल्या सिनेमात आधी धूळ उठते, मग स्लॅब लोखंडी गजांवर क्षणभर लोंबकळतो, कुठल्याशा भिंतीला कुणाचं तरी बेसिन चिकटून राहिलेलं दिसतं. एका सिनेमात बंदरातून आलेला खेकडा एका हॉटेलचा कोपरा नांगीने उपटतो आणि वाकलेले गज बाहेर येतात. बाकी सिनेमा टाकाऊ होता, पण तेवढ्यासाठी मी तो चारदा पाहिला.

काही सिनेमे मात्र टाळावेत. ज्यात पहिला पाऊण तास शास्त्रज्ञ टेबलाभोवती बसून राक्षसाबद्दल बोलतात, तो टाळावा. ज्यात राक्षसाला पिल्लू होतं, तो तर नक्कीच टाळावा. पिल्लू झालं की राक्षस पाडापाडी सोडून संसाराला लागतो, आणि संसार आपल्याला घरी असतोच.

ऐंशीच्या सुमाराला मी पावण्याला लागलो. खाडीच्या अलीकडे नवं शहर उभं राहत होतं आणि त्याचा प्रत्येक स्लॅब आधी ठोकळ्याच्या रूपाने माझ्या टेबलावर यायचा. पद्धत साधी होती. स्लॅब भरताना त्यातलाच माल लोखंडी साच्यात भरून ठोकळे करायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून आमच्याकडे पाठवायचे. मी ते यंत्रात दाबायचो. ज्या आकड्याला ठोकळा फुटला तो आकडा लिहायचा, खाली सही ठोकायची. ठोकळा पास तर स्लॅब पास.

गोम एवढीच, की साचा भरणारा आणि स्लॅब भरणारा माणूस एकच. ठोकळ्यांसाठी कोपऱ्यात वेगळा, दाट माल कालवायचा आणि स्लॅबात पातळ ओतायचा, ही युक्ती कुणालाही सुचेल अशी होती आणि सुचलेली होती. असल्या ठोकळ्यांना आम्ही 'जावई' म्हणायचो. जावयाच्या पानात जसं तूप, तसं यांच्यात सिमेंट. मी ते आकड्यावरून ओळखायचो, निदान ओळखतो अशी माझी समजूत होती. आकडा फारच चांगला आला की समजायचं, जावई. बरोब्बर हवा तेवढा आला की समजायचं, खरा माल. जावयांवरही मी सह्या करायचो. सगळेच करतात, आपण काय एकटे हरिश्चंद्र, हे वाक्य मनाशी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते मला नियमपुस्तिकेतलं वाटायला लागलं होतं.

एकदा आठ नंबरच्या बिल्डिंगच्या गच्चीचे ठोकळे आले. मी यंत्र सुरू केलं आणि काटा जो निघाला तो थांबेचना. नेहमीची रेघ ओलांडून तो पार पलीकडे गेला आणि मग कुठे ठोकळा बंदुकीसारखा फुटला. इतका निर्लज्ज प्रकार मी पाहिला नव्हता. "हा नुसता जावई नाही, घरजावई आहे," असं म्हणत मी सही केली. त्याच दिवशी शेजारच्या नऊ नंबरचे ठोकळेही आले होते. ते अगदी बरोब्बर फुटले. मला त्यांचं कौतुक वाटलं.

सहा महिन्यांनी घरांच्या सोडतीत आमचा नंबर लागला. वाशीत, आठ नंबरची बिल्डिंग, तिसरा मजला, वर थेट गच्ची.

बायकोने पेढे वाटले. मला तो घरजावई आठवला. तिला सांगायचं म्हणजे सहीचं सांगायचं आणि सहीचं सांगायचं म्हणजे नोकरीचं सांगायचं. राहायला गेलो त्या दिवशी मी पलंग ओढून बरोब्बर बीमखाली लावला. बीम निदान टिकेल असा हिशेब. बायकोने विचारलं तर म्हणालो, इथे वारा चांगला येतो. खिडकी विरुद्ध भिंतीला होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विषय सोडून दिला.

त्यात आणखी एक गंमत झाली. समोरच्या दारात कोण राहायला यावं? ज्याने तो स्लॅब भरला तो मुकादमच. मराठवाड्यातला माणूस, काळा, उंच, कमी बोलणारा. ठोकळे घेऊन तोच प्रयोगशाळेत यायचा. जिन्यात भेटलो की मी मान खाली घालायचो. एका पापाचे दोन भागीदार, बोलायचं काय? दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या चपलाच तेवढ्या ओळखत होतो.

मग सोसायटीने सत्यनारायण काढला. खाली रस्ता खणून ठेवलेला, म्हणून पूजा गच्चीवर घ्यायचं ठरलं. पूजेनंतर व्हिडिओवर सिनेमा दाखवायची तेव्हा रीतच पडली होती. कुठला सिनेमा, यावर सभेत दोन तास गेले. एकात नाच होता, एकात विधवेचा पुनर्विवाह, एकात सासू वाईट दाखवली होती आणि सभेत सहा सासवा बसल्या होत्या. शेवटी आमच्या चेअरमनांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमचा तो राक्षसाचा आणा. त्यात बाई नाही, गाणं नाही, सासू नाही. आठ ते ऐंशी कुणीही बघावं."

"राक्षसाच्या अंगावर कपडे नसतात," कुणीतरी शंका काढली.

"त्याला चालतं," चेअरमन म्हणाले, आणि ठराव पास झाला.

व्हिडिओवाल्याकडून मी माझा आवडता आणला. समुद्रातून येणारी शंभर हात लांबीची घोरपड. बायको म्हणाली, "घोरपडीने गड चढायचा असतो. शहर काय पाडते?" पण ती खुशीत होती. रविवारी दुपारी तीनला गच्चीवर ताडपत्री ताणली होती, कडेने चादरी सोडल्या होत्या आणि गच्चीच्या मधोमध, बरोब्बर मधोमध, टेबलावर रंगीत टीव्ही. मला तेव्हा कुठे उजाडलं. चोवीस बिऱ्हाडं, पाण्याची दोन पिंपं, शिऱ्याचं पातेलं, भटजी आणि केळीचे खांब, सगळं त्या घरजावई स्लॅबच्या पोटावर बसणार होतं. आणि सगळ्यांच्या पुढे, टीव्हीच्या पायाशी, माझी बायको.

मी लोकांना कडेला हलवायला लागलो. कडेला बीम होते. "इकडे या, इकडून चित्र स्वच्छ दिसतं," मी म्हणालो. लोक म्हणाले, इकडून टीव्हीची पाठ दिसते. मग म्हणालो, मधे ऊन येतं. वर ताडपत्री होती. मग म्हणालो, मधे मुंग्या आहेत. दोन बायका उठल्या, मुंग्या शोधल्या, सापडल्या नाहीत, परत बसल्या. चेअरमन म्हणाले, "अहो, तुम्हाला झालंय तरी काय? पूजेला बसलेल्या माणसांना असं उठवू नये." तेवढ्यात नऊ नंबरची मंडळी आली, त्यांचे सेक्रेटरी पुढे. पाठोपाठ सात नंबरची. प्रसाद संपत आला तरी माणसं येतच होती.

सिनेमा सुरू झाला. घोरपड समुद्रातून बाहेर आली आणि तिने पहिलं पाऊल टाकलं. टीव्हीतून धडाम असा आवाज आला, आणि समोर बसलेल्या सगळ्या मुलांनी त्याच क्षणी गच्चीवर पाय आपटले. दुसरं पाऊल, पुन्हा धडाम, पुन्हा साठ पाय. तिसऱ्या पावलाला मोठी माणसंही सामील झाली. आमचे चेअरमन, वय वर्षं एकसष्ट, खुर्चीत बसून दोन्ही पाय आपटत होते. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच देवाकडे मागितलं की या राक्षसाला लवकर पिल्लू होऊ दे.

मी गच्चीभर येरझाऱ्या घालत होतो. खाली वाकून भेगा बघत होतो. मुकादम मात्र मधोमध मांडी घालून बसला होता, मांडीवर धाकटी मुलगी, हातात शिऱ्याचा द्रोण. त्याची ती शांती बघून माझं डोकं फिरलं. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि दोन वर्षांनी पहिलं वाक्य बोललो.

"मुकादम, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"घोरपडीची?"

"स्लॅबची. याचे ठोकळे मी फोडलेत. काटा कुठल्या कुठे गेला होता. जावई होते ना ते?"

तो माझ्याकडे बघतच राहिला आणि मग हसला. "आठ नंबरचे? न्हाई साहेब, ते खरे व्हते. बायकोच्या नावानं तुमच्या आदल्या सोडतीत हीच बिल्डिंग लागली, तिसरा माळा. स्लॅब भरायच्या आठ दिस आधी कळलं मला. माजी पोरं जिथं झोपायची तिथं म्या कसर करीन व्हय? हाताला लागंल तेवढं सिमेट वतलं ह्यात. त्योच माल साच्यात भरला. हत्ती नाचवा हितं."

मला काय वाटलं ते सांगतो. मला रडू आलं. दोन वर्षं मी छताकडे बघत झोपलो होतो, आणि ते छत अख्ख्या वाशीत सगळ्यात भक्कम होतं. मी त्याच्या द्रोणातलाच शिरा उचलून खाल्ला. घोरपडीने पूल उपटला तेव्हा मीसुद्धा एकदा पाय आपटून पाहिला. फार बरं वाटलं.

मग मी सहज विचारलं, "तुमचे कंत्राटदार मालक गोण्या मोजून देतात ना? मग जादा सिमेंट आणलं कुठून?"

तो टीव्हीकडे बघत राहिला. "नऊ नंबरातनं," तो म्हणाला. "दोन्ही स्लॅब एकाच आठवड्यात व्हते."

"पण नऊ नंबरचे ठोकळे तर बरोब्बर आले होते."

"ते जावई. जावई बरोब्बरच येत्यात साहेब. लई वर गेलं की तुमाला संशय येतो, हे मालकाला ठाव हाय."

मी तोंडातला घास गिळला. बरोब्बर फुटलेले सगळे ठोकळे मला एकदम आठवायला लागले, आणि ते खूप होते.

सिनेमा संपला. टाळ्या पडल्या. कॅसेट मागे फिरवायला लावली तेव्हा नऊ नंबरचे सेक्रेटरी माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "बॉस, काय पिक्चर! पुढच्या रविवारी आमची पूजा. आमच्या गच्चीवर, हाच पिक्चर, तुमीच लावायचा. आमची पब्लिक तर याच्या डबल येणार."

"तुमच्या गच्चीवर नको," मी म्हणालो.

"का? टीव्हीचं टेन्शन घेऊ नका, आमच्याकडे आहे."

आजूबाजूचे सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "तुमच्या स्लॅबचे ठोकळे मी तपासलेत. मीच पास केलेत."

"अरे वा!" सेक्रेटरी ओरडलेच. "ऐकलं का? आपला स्लॅब यांनी स्वतः पास केलाय! मग विषयच संपला." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. चेअरमनांनी माझी पाठ थोपटली.

बायको टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे, पलंग बीमखाली ओढला त्या दिवशी पाहत होती तशी, पाहत होती. मग मी ते सरळ बोललो. ठोकळे खोटे होते, सही माझी आहे, तुमच्या गच्चीत सिमेंट कमी आहे, तिच्यावर माणसं चढवू नका.

सेक्रेटरींचा चेहरा उतरत गेला. "खाली आमची आई झोपते," ते म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षं अंथरुणाला खिळलीये."

ते धावत सुटले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे मुकादम आणि आमच्या मागे शिऱ्याचे द्रोण हातात घेतलेले तिन्ही बिल्डिंगांचे लोक. सेक्रेटरींची आई कोकणातली, वाळलेली, पण डोळे लख्ख. तिला कुणी काही सांगितलं नाही. खाटेसकट तिला उचललं, पुढे मी आणि सेक्रेटरी, मागे मुकादम आणि आमचे चेअरमन, आणि जिना उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खाट फिरवताना मागून एक आजोबा किंचाळले, "थांबा! पाय पुढे आलेत!"

आम्ही थांबलो. खरंच, आजींचे पाय खालच्या दाराच्या दिशेला होते. जिवंत माणसाला पाय पुढे करून घराबाहेर नेत नाहीत, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. वळणावर खाट फिरेना. मग एकमताने ठरलं, आणि मी सांगतो ते खरं आहे, की खाट परत वर न्यायची, खोलीत फिरवायची आणि डोकं पुढे करून पुन्हा आणायची. ज्या छताखालून आम्ही आजींना पळवून आणलं होतं त्याच छताखाली चौघांनी खाट नेली, सावकाश गोल फिरवली आणि बाकीच्यांनी आत येऊन "डावीकडे, अजून डावीकडे" असं मार्गदर्शन केलं. त्या खोलीत तेव्हा वीसेक माणसं होती. मुकादम एकटा वर बघत होता.

चार जण खाली खाट घेऊन आलो, मागे गप्प माणसांची रांग. हे बघून खणलेल्या रस्त्यापलीकडच्या दोन माणसांनी टोप्या काढून हात जोडले. आजींनी मान वर केली. "मेल्यांनो, मी अजून जिती आहे!" त्या ओरडल्या, आणि सगळं वाशी हसलं. मीही हसलो.

पुढे चौकशी झाली. माझी नोकरी गेली, मुकादमाचं काम गेलं. नऊ नंबरची गच्ची हातोड्यांनी तोडून पुन्हा भरली, त्याला दोन महिने लागले. घोरपडीने एका लाथेत केलं असतं. मी रोज जाऊन बघायचो. धूळ उठायची, गज दिसायचे, सगळं चांगल्या सिनेमात असतं तसं, आणि मला ते बघवत नसे. राक्षसाचे सिनेमे मी त्यानंतरही पाहिले, पण मधोमध कधी बसलो नाही.

हा किस्सा मी गेली कितीतरी वर्षं लग्नाकार्यांत सांगतो. लोक खाटेपाशी पोट धरून हसतात आणि मी तिथेच थांबतो. खरं म्हणजे तो तिथे संपत नाही. खाट खाली ठेवल्यावर मी आजींच्या उशाशी बसलो आणि काय झालं ते त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दोन वर्षं तू तुझ्या छताला घाबरत होतास," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि कुणाला बोलला नाहीस."

"नाही."

"मग आज कसा बोललास? आज तर तुझं छत पक्कं निघालं ना?"

बायको पातेल्याच्या तळाशी उरलेला शिरा वाटीत घेऊन मागे ऐकत उभी होती, तिने तो आजींच्या हातात दिला, आणि ती माझ्या शेजारी न बसता खाटेच्या पलीकडे जाऊन बसली.